महाबळेश्वर : एका डोंगराची दोन गावे

शनिवारी पहाटे पुण्याहून किंवा मुंबईहून निघालेला प्रवासी वाईची पेठ मागे टाकून पसरणीचा घाट चढू लागतो, पाचगणीच्या पठारावरचे गार वारे अंगावर घेतो, वेण्णा तलावाच्या काठी मुलांच्या आग्रहास्तव घटकाभर थांबतो आणि महाबळेश्वरच्या बाजारपेठेतील एखाद्या निवासात सामान टाकून मोकळा होतो. संध्याकाळी मुंबई पॉइंटवरचा सूर्यास्त, रविवारी सकाळी आर्थर सीटचा कडा, आणि परतताना चणे, चिक्की, मध व स्ट्रॉबेरीच्या पेट्या असा त्याचा क्रम बहुधा ठरलेला असतो. नगरवासाच्या दगदगीने शिणलेल्या माणसाला दोन दिवसांचा असा विसावा हवाच, आणि तो देण्याचे सामर्थ्य या डोंगरात निःसंशय आहे. परंतु या डोंगराचा पूर्वेतिहास जो थोड्या आस्थेने पाहील त्याला एक गोष्ट जाणवल्यावाचून राहणार नाही की, खालून वर आलेल्या प्रत्येक काळाने येथे काही ना काही मागितले, कोणी पुण्य मागितले, कोणी सत्ता, कोणी आरोग्य आणि आता आपण विश्रांती मागतो. आणि प्रत्येक वेळी ते मागणे पुरवताना डोंगरावरच्या माणसांना, रानाला आणि पाण्याला झिजावे लागले. हा ऋणानुबंध ध्यानात ठेवून महाबळेश्वराकडे पाहावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे.

आपण ज्या गावी मुक्काम करतो ते वस्तुतः नवे गाव होय. मूळचे महाबळेश्वर, म्हणजे क्षेत्र महाबळेश्वर, तेथून सहा-सात किलोमीटर अंतरावर असून, कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम तेथील पंचगंगेच्या मंदिरात मानला जातो. या पाचांच्या जोडीला भागीरथी बारा वर्षांनी व सरस्वती साठ वर्षांनी प्रकट होते, अशी परंपरागत श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग बाजूस ठेवला तरी भूगोलाने येथे जे घडवले आहे ते कमी विस्मयकारक नाही. सह्याद्रीच्या या माथ्यावर पडलेल्या पावसाचा एक भाग सावित्रीच्या वाटेने कोकणात उतरून बाणकोटच्या खाडीतून पश्चिम समुद्रास मिळतो. आणि तेथून फार दूर नसलेल्या उतारावर पडलेला दुसरा भाग कृष्णेच्या रूपाने सुमारे चौदाशे किलोमीटरचा प्रवास करून, वाटेत माहुलीस वेण्णेला आणि कऱ्हाडास कोयनेला पोटात घेऊन, आंध्र किनाऱ्यावर पूर्व समुद्रास जातो. ज्या स्थळी पाण्याच्या दिशा अशा विभागतात त्या स्थळाला आपल्या पूर्वजांनी तीर्थाची प्रतिष्ठा दिली, यात त्यांची भाविकता जितकी दिसते तितकीच निरीक्षणशक्तीही दिसते.

देवगिरीच्या सिंघण यादवाने तेराव्या शतकाच्या आरंभी, सन १२१५ च्या सुमारास, या ठिकाणी येऊन कृष्णेच्या उगमापाशी लहानसे देवालय व कुंड बांधविले, असे परंपरा सांगते. पंचगंगा, महाबळेश्वर व अतिबळेश्वर यांची देवळे आणि काहीशा एकांतात उभे असलेले काळ्या पाषाणाचे कृष्णाबाईचे मंदिर, यांचे आजचे बांधकाम वेगवेगळ्या काळांतले आहे. तथापि या बांधकामाहूनही लक्षणीय अशी एक गोष्ट क्षेत्राच्या जुन्या व्यवस्थेत आढळते. नदीच्या उगमापाशी गंगापुत्र म्हणून ज्याचा मान असे तो कोळी समाजाचा असे आणि त्याचा हक्क वंशपरंपरेने चालत असे; महाबळेश्वर व अतिबळेश्वर यांच्या पूजेचा अधिकार गुरवांकडे असे. देशावरून व कोकणातून यात्रेकरू कितीही आले, राजे-सरदार कितीही दानधर्म करून गेले, तरी डोंगरावरच्या पाण्याचा पहिला मान डोंगरावरच्या माणसाचा आहे, हे त्या काळच्या लोकांनी अशा रीतीने मान्य करून ठेवले होते. पुढील काळात डोंगराचे जे व्यवहार झाले ते पाहताना ही जुनी मान्यता मला विशेष मोलाची वाटते.

यानंतरचे पर्व सत्तेचे. महाबळेश्वराच्या भोवतीचा जावळीचा मुलूख म्हणजे दाट झाडी, खोल दरी आणि निरुंद वाटा यांचे स्वयंसिद्ध दुर्गच होते. आणि कोकणातून देशावर येणारा पारघाटासारखा रस्ता ज्याच्या हाती त्याच्या हाती व्यापारही आणि लष्करी हालचालही, असा हिशेब असल्यामुळे विजापूरच्या आदिलशाहीने हा मुलूख मोऱ्यांकडे सोपविला होता. त्यांचा प्रमुख चंद्रराव हा किताब मिरवीत असे. सन १६५६ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी जावळी काबीज केली, आणि तिच्या संरक्षणार्थ मोरोपंत पिंगळे यांच्या देखरेखीखाली प्रतापगड उभारण्यात आला. १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्या गडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा जो प्रसंग घडला त्याचे वर्णन मराठी वाचकास नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. परंतु मुंबई पॉइंटवरून किंवा लॉडविक पॉइंटवरून पश्चिमेकडे पाहताना जे हिरवे डोंगर आपल्याला केवळ रमणीय वाटतात, त्यांच्या दुर्गमतेनेच एका नवोदित राज्याला आश्रय दिला, आणि त्या दुर्गमतेची खडान्खडा माहिती असणाऱ्या मावळ्यांनी आपल्या पायांनी तिचे शस्त्र केले, हे तेथे उभे राहिल्यावर जितके पटते तितके ग्रंथ वाचून पटत नाही.

त्याच डोंगरावर ६ जानेवारी १६६५ रोजी, सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी, महाराजांनी मातोश्री जिजाबाई आणि वृद्ध मुत्सद्दी सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली. मिर्झाराजा जयसिंग दक्षिणेकडे चालून येत असता आणि पुरंदरच्या तहाला अवघे काही महिने उरले असता हे दान झाले, ही गोष्ट स्मरणीय आहे. ज्या क्षेत्री सिंघणाने पुण्य शोधले त्याच क्षेत्री, ते क्षेत्र आपल्या राज्यात आणल्यावर, राज्यकर्ता कृतज्ञतेचा विधी करण्यासाठी आला. घेतले तेथे परत द्यावे, हा भाव त्या तुलेत मला दिसतो.

पेशवाई बुडाली आणि सन १८१९ च्या सप्टेंबरात झालेल्या तहाने कंपनी सरकारने साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना एका मर्यादित मुलखाचे राजे म्हणून कायम केले. साताऱ्यास इंग्रजी फौज आली, रेसिडेंट आला, आणि उन्हाळ्याने त्रस्त झालेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची दृष्टी पश्चिमेच्या उंच डोंगराकडे वळली. सन १८२४ च्या एप्रिलात साताऱ्याच्या फौजेवरील अधिकारी पीटर लॉडविक हा डोंगर चढून गेला. वर येणारा पहिला युरोपियन म्हणून त्याची नोंद झाली, आणि पूर्वी सिडनी पॉइंट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कड्याला पुढे त्याचे नाव मिळून तेथे त्याचा स्मारकस्तंभ उभा राहिला. १७९९ साली कंपनीच्या चाकरीत शिरलेला हा गृहस्थ १८७३ साली फ्रान्समध्ये नव्वद वर्षांचा होऊन वारला. १८२६ साली रेसिडेंट ब्रिग्ज याने वर घर बांधले आणि त्याच्या आग्रहावरून प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून डोंगरावर येणारा गाडीरस्ता तयार करविला. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२८ साली आजारी गोऱ्या शिपायांसाठी येथे प्रयोगादाखल आरोग्यधाम सुरू केले, आणि प्रयोग यशस्वी ठरताच जागा कायमची मिळविण्याची वाटाघाट आरंभिली.

ती वाटाघाट १६ मे १८२९ च्या तहनाम्याने पुरी झाली. साताऱ्याच्या महाराजांनी डोंगरमाथ्याचा हा भाग कंपनी सरकारला द्यावा आणि त्याच्या बदल्यात वाईच्या बाजूचे मौजे खंडाळा घ्यावे, असे ठरले. हे खंडाळे म्हणजे पुणे-सातारा रस्त्यावरचे, बोरघाटातले नव्हे. नव्या वसाहतीस माल्कमपेठ हे नाव पडले आणि कितीतरी वर्षे सरकारी दप्तरात तेच चालत राहिले. एक डोंगरमाथा देऊन एक सपाटीवरचे गाव घेण्याचा हा सौदा कागदावर सरळ दिसतो. तहाला पक्ष दोनच होते, महाराज आणि कंपनी. डोंगरावर पिढ्यान्पिढ्या राहणारे कोळी, कुणबी, धनगर आणि धावड त्यात कोठे आले नाहीत. ज्या महाराजांनी रस्ता करविला आणि डोंगर दिला, त्यांना त्याच कंपनी सरकारने दहा वर्षांनी, १८३९ साली, पदच्युत करून काशीस धाडले. तेथेच १८४७ साली त्यांचा अंत झाला, आणि पुढल्याच वर्षी साताऱ्याचे राज्य खालसा करण्यात आले. आरोग्याच्या शोधात निर्माण झालेल्या या गावाच्या पायाशी हा राजकीय इतिहास आहे.

कड्यांना नावे देण्याचा परिपाठ याच काळात पडला. एल्फिन्स्टन आणि कार्नॅक हे गव्हर्नर, केट ही माल्कमची कन्या, आर्थर मॅलेट हा ज्या टोकावर प्रथम घर बांधून राहिला ते आर्थर सीट, आणि विसाव्या शतकात सिंदोळ्याच्या माथ्याला मिळालेले विल्सन या गव्हर्नरचे नाव, अशी ही नामावळी आहे. त्यामागे घरापासून सहस्रावधी मैल दूर राहणाऱ्या माणसांची आपुलकीही होती, आणि शोकही होता. सन १८३१ च्या जानेवारीत मुंबई इलाख्याचा सेनापती सर सिडनी बेकविथ याच डोंगरावर मरण पावला, आणि त्याच्या स्मारकाचा स्तंभ येथे उभारला गेला. हवा कितीही उत्तम असली तरी ती मृत्यूवर इलाज नाही, हे आरोग्यधामाच्या संस्थापकांना पहिल्या दोन-तीन वर्षांतच कळून आले असले पाहिजे.

परंतु गव्हर्नरांच्या नावांहून अधिक स्मरणीय अशी माणसे या गावाने पाहिली, आणि त्यांची नावे कोणत्याही कड्याला मिळाली नाहीत. माल्कमने येथे एक बंदीखाना स्थापन केला आणि पूर्वेकडच्या इंग्रजी वसाहतींतून शिक्षा भोगण्यासाठी पाठविलेले चिनी व मलायी कैदी तेथे ठेवले. त्यांची संख्या सुमारे एकशे वीस होती. मायदेशापासून, भाषेपासून, आप्तांपासून तुटलेल्या या माणसांनी डोंगराच्या तांबड्या मातीत बटाटे आणि विलायती भाज्या पिकविल्या, मळे वसविले, आणि बागाइतीची जी रीत शिकविली तिच्यावर पुढील पिढ्यांची उपजीविका चालली. १८६४ च्या सुमारास तो बंदीखाना बंद झाला. त्यांच्या मळ्यांजवळच्या धबधब्याला मात्र ‘चायनामन’ असे मोघम नाव राहिले. त्यात त्यांची जात आहे, व्यक्ती एकही नाही. महाबळेश्वरच्या गाजर-बटाट्याची कीर्ती ऐकणाऱ्याने या अनामिक बागवानांचे एकवार स्मरण करावे.

धावडांची कथा याहून करुण आहे. या डोंगरावरच्या जांभ्या दगडातून लोखंड गाळण्याचा धंदा धावड नावाच्या मुसलमान कारागिरांकडे होता. दगड फोडावा, रानातल्या लाकडाचा कोळसा पाडावा, भात्याने भट्टी फुलवावी आणि निघालेल्या लोखंडाची शेतकऱ्याला लागणारी अवजारे घडवावीत, असे त्यांचे जीवन होते. इंग्रजी अमलात जंगले राखीव झाली, कोळशासाठी लाकूड तोडण्यास मज्जाव झाला आणि त्या भट्ट्या विझल्या. त्याच कायद्यांनी डोंगरउतारावर झाडी जाळून नाचणी-वरी पेरण्याची कुमरीची शेतीही आक्रसली. येथे न्यायाने एक गोष्ट सांगितली पाहिजे की, जांभूळ, हिरडा, पिसा आणि अंजन यांचे जे रान आपल्याला दिसते ते त्या बंदोबस्तामुळेही टिकले. पण त्याचे मोल कोणी भरले, याची नोंद इतिहासाने ठेवली पाहिजे. राखलेल्या रानाच्या सावलीत बंगलेवाल्यांनी फेरफटका केला, आणि त्या रानावर पोट असलेल्या कारागिराने आपले कसब गमावले.

सन १८४२ हे वर्ष नव्या गावाच्या स्थैर्याचे म्हणता येईल. त्या वर्षी ख्रिस्ती मंदिर उभे राहिले, आणि प्रतापसिंहांनंतर साताऱ्याच्या गादीवर आलेल्या शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी त्याच वर्षी वेण्णेच्या प्रवाहाला बांध घालून तलाव करविला. तो तलाव आज नौकाविहाराचे स्थान म्हणून प्रसिद्ध असला तरी त्याचे प्रयोजन गावाला पाणी मिळावे हे होते. ज्या माथ्यावर वर्षाकाठी सरासरी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो त्या माथ्यावर उन्हाळ्यात पाण्याची टंचाई भासावी, हे प्रथमदर्शनी विपरीत वाटते. पण जांभ्याच्या सच्छिद्र खडकातून पाणी झपाट्याने उतरून झऱ्यांच्या रूपाने दरीत निघते, आणि उंच माथा चैत्र-वैशाखात कोरडा पडतो. पाच नद्यांची जननी असलेला डोंगर स्वतःपाशी फार पाणी ठेवून घेत नाही. म्हणूनच येथे राहणाऱ्याला पाणी साठवावे लागले, आणि म्हणूनच येथे येणाऱ्याने ते जपून वापरणे हा शिष्टाचाराचा नव्हे, धर्माचा भाग समजला पाहिजे.

पुढे माल्कमपेठ ही मुंबई इलाख्याची उन्हाळी राजधानी झाली. एप्रिल लागला की गव्हर्नर, त्याचे मंत्रिमंडळ, चिटणीस, कारकून, दप्तरांच्या पेट्या आणि चपराशी असा सारा लवाजमा वर येई. पावसाळा पुण्यास, हिवाळा मुंबईस आणि उन्हाळा महाबळेश्वरी, असा राज्यकारभाराचा फेरा ठरून गेला होता. मुंबईकर कधी आगबोटीने बाणकोटच्या खाडीतून दासगावापर्यंत येऊन पुढे घाट चढत, कधी पुण्याहून टांग्याने येत. रेल्वे झाल्यावर वाठारच्या स्थानकावर उतरून वाई-पाचगणीच्या वाटेने येण्याची सोय झाली. आंबेनळीच्या घाटरस्त्याने महाडची बाजू जोडली. पारशी व भाटिये व्यापारी, संस्थानिक, वकील यांचे बंगले उठले. आणि जूनच्या मध्याला मृग गर्जू लागला की सारे गाव ओस पडे. मागे राहणारे लोक घरांच्या भिंतींना गवताची आच्छादने बांधून चार महिने धुक्यात व पावसात काढीत. हंगामाचे गाव आणि बारमाही गाव यांत असा भेद पडला. जो उन्हाळ्यात येऊन गेला त्याला महाबळेश्वर माहीत झाले असे वाटे. पण सामान वाहणारा हमाल, डोली उचलणारा भोई, मळ्यात राबणारी बाई आणि पावसात देवाचा दिवा न चुकविणारा गुरव, यांना ते खरे माहीत होते.

स्वातंत्र्यानंतर राजधानीचा लवाजमा आटला, आणि त्याच्या जागी मध्यमवर्गाचा वावर सुरू झाला. पूर्वी ज्या रस्त्यावर गव्हर्नरच्या गाड्या चालत तेथे एस. टी. ची गाडी आली, शाळांच्या सहली आल्या, नवविवाहित जोडपी आली. हे लोकशाहीचे फळ आहे आणि त्याचा आनंद वाटावा असेच ते आहे. स्ट्रॉबेरीच्या लागवडीने येथल्या शेतकऱ्याच्या हाती पैसा आला. देशातील स्ट्रॉबेरीचा फार मोठा हिस्सा महाबळेश्वर-पाचगणी परिसरात पिकतो आणि २०१० साली तिला भौगोलिक मानांकनही लाभले. स्ट्रॉबेरीच पिकविणाऱ्या भिलार गावाने २०१७ पासून घराघरांत ग्रंथ ठेवून पुस्तकांचे गाव म्हणून लौकिक मिळविला. कोयनेचे पाणी धरणात अडवून आणि बोगद्यांतून पोफळीकडे उतरवून जी वीज निर्माण होते तिने मुंबईच्या कारखान्यांना व घरांना गेली सहा दशके बळ दिले आहे. म्हणजे शनिवारी डोंगर चढणारा मुंबईकर आठवड्याचे उरलेले दिवसही या डोंगराच्या पाण्याचा उपकृत असतो.

या उपकाराची फेड कशी करावी, हा आजचा प्रश्न आहे. माथ्यावरची जागा मर्यादित आहे. दोन दिवसांत हजारो मोटारी घाटांतून वर येतात, त्यांच्यासाठी रस्ते रुंदावण्याची मागणी होते, त्यांतील माणसांसाठी नवी हॉटेले उठतात, आणि हॉटेलांच्या नळांना पुन्हा तेच मोजके पाणी लागते. १७ जानेवारी २००१ रोजी केंद्र सरकारने महाबळेश्वर-पाचगणीचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित केला आणि बांधकामाला व वृक्षतोडीला मर्यादा घातल्या. असे निर्बंध येथल्या स्थानिकांना जाचक वाटतात, कारण घराला एक खोली वाढवायची म्हटली तरी परवानगीच्या फेऱ्या कराव्या लागतात. त्यांचे गाऱ्हाणे ऐकण्यासारखे आहे. धावडाची भट्टी विझविताना त्याला कोणी विचारले नाही. तीच चूक रान राखण्याच्या नावाखाली पुनरपि होता कामा नये. परंतु निर्बंधांची खरी गरज ज्याच्यामुळे पडली तो बाहेरून येणारा, म्हणजे तुम्ही-आम्ही आहोत, आणि त्यांचा पहिला भार आपण उचलला पाहिजे.

त्यासाठी मोठे व्रत घेण्याचे कारण नाही. प्रवाशाने आपला मुक्काम माल्कमपेठेत केला तरी पहिली भेट क्षेत्र महाबळेश्वराला द्यावी, पंचगंगेच्या कुंडापाशी उभे राहून आपल्या घरच्या नळाचे, शेताचे व दिव्याचे नाते या पाण्याशी काय आहे याचा क्षणभर विचार करावा. गाडी एके ठिकाणी ठेवून रानातल्या वाटा पायी तुडवाव्यात. भाजी, फळ व मध पिकविणाऱ्याच्या हातून घ्यावा आणि वाटाड्याला त्याच्या श्रमाचा मोबदला घासाघीस न करता द्यावा. कचरा खाली परत न्यावा. आणि शक्य असेल त्याने शनिवार-रविवारची गर्दी टाळून आडवारी यावे. सिंघणाने कुंड बांधविले, शिवाजी महाराजांनी तुला केली, आप्पासाहेबांनी तलाव करविला, नाव नसलेल्या कैद्यांनी मळे फुलविले. ज्याने ज्याने या डोंगराकडून काही घेतले त्यांतल्या ज्यांना आपण आदराने आठवतो, त्या प्रत्येकाने येथे काहीतरी ठेवलेले आहे. दोन दिवसांच्या पाहुण्यालाही तोच दंडक लागू आहे, आणि तो पाळणे त्याच्या आवाक्यातले आहे.